पडद्यावरचे मुके हसू

रस्त्याने ऐटीत चाललेला एखादा गृहस्थ केळीच्या सालीवरून घसरला, की पाहणाऱ्याला आधी हसू येते आणि मग त्याची दया येते. हा क्रम उलटा असावयास हवा, असे विवेक सांगतो. पण हसू विवेकाला विचारून येत नाही. ते येऊन गेल्यावर विवेक मागाहून धापा टाकीत येतो आणि "फार लागले तर नाही ना?" अशी चौकशी करतो. मात्र यात एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चाललेली म्हातारी घसरली, तर कोणी हसत नाही. चार हात तिला सावरावयास धावतात. पण परीटघडीचे धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि नजर आभाळाकडे, असा कोणी घसरला, म्हणजे गंभीर माणसालाही तोंडावर उपरणे धरावे लागते. तेव्हा हसू येते ते पडण्याला नव्हे, तर ताठा पडल्याला.

हे गुपित नटांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संस्कृत नाटकांतला विदूषक राजाच्या शेजारी उभा राहून मोदकांची चिंता करी. तमाशातल्या गवळणीत लंगडत येणारा पेंद्या प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा सवंगडी. पण तो रंगमंचावर आला, की भक्तीचा गंभीर सूर बाजूला सरे आणि मंडळी पोट धरून हसू लागत. युरोपात, विशेषतः इटलीच्या जुन्या रंगभूमीवर, विदूषकाच्या हाती लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या एकत्र बांधलेले एक सोटे असे. ते कोणाच्या पाठीवर मारले, की 'फटाक्' असा मोठा आवाज होई. पण इजा जवळजवळ नसे. मार थोडा आणि आवाज मोठा! पुढे या सोट्याच्या नावावरूनच पडापडी, पळापळ आणि धांदल यांच्या विनोदाला इंग्रजीत 'स्लॅपस्टिक' असे नाव पडले.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा विनोद रंगभूमीवरून उडी मारून पडद्यावर आला. त्या वेळी चित्रपट मुके होते. पात्रांचे ओठ हलत. पण शब्द ऐकू येत नसे. अधूनमधून मजकुराच्या पाट्या दिसत. ज्याला वाचता येई तो त्या वाची, आणि ज्याला येत नसे तो शेजाऱ्याकडे पाही. पण पडणाऱ्या माणसाला पाटी लागत नाही. तो पडला हे पंडितालाही कळते आणि निरक्षरालाही कळते. कॅमेरा त्या काळी हाताने फिरवीत. तो चित्रे घेताना सावकाश फिरवावा आणि दाखविताना चित्रे भरभर सरकवावीत, म्हणजे पडद्यावरची माणसे चावी दिलेल्या खेळण्यांसारखी तुरुतुरु धावू लागत. पोलीस धावत, चोर धावे, आणि चोराला धरण्याच्या नादात पोलीस एकमेकांवर आपटत. अमेरिकेतील हॉलिवूडच्या परिसरात १९१२ साली मॅक सेनेट याने 'कीस्टोन' नावाची चित्रसंस्था काढली आणि असे चित्रपट एकामागून एक तयार होऊ लागले. १९१४ साली याच संस्थेच्या एका चित्रपटात तंग कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, लहानशी टोपी आणि वेताची काठी अशा थाटात एक भटक्या पडद्यावर प्रथम दिसला. तो चार्ली चॅप्लिन.

योगायोग असा, की त्याच १९१४ साली आपल्या महाराष्ट्रातही 'पिठाचे पंजे' या नावाचा एक छोटा विनोदी चित्रपट 'मोहिनी भस्मासुर' या पौराणिक चित्रपटाच्या जोडीला प्रेक्षकांना दाखविण्यात आला. तो तयार करणारे होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासाला आरंभ झाला. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला मुक्काम नाशिकला हलविला. गोदावरीच्या काठचे हे तीर्थक्षेत्र काही काळ चित्रपटाचेही क्षेत्र होऊन राहिले.

दादासाहेब म्हणजे नुसते पुराणे सांगणारे गंभीर गृहस्थ, अशी कोणाची समजूत असेल तर ती खरी नव्हे. ते चित्रकला शिकले होते, छायाचित्रण शिकले होते आणि जादूचे प्रयोगही करीत. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले नाव मोठे मजेदार होते: प्रोफेसर केळफा! हे नाव उलट्या क्रमाने वाचून पाहावे, म्हणजे त्यातील कोडे आपोआप सुटेल. ज्याला स्वतःच्या आडनावालाही कोलांटी मारावयास लावता येते, त्याच्या अंगी विनोद किती मुरलेला असेल!

त्यांच्या विनोदाचा खरा नमुना पाहावयाचा, तर तो १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात. नाशिकच्या 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी'ने तो काढला होता आणि बाळकृष्णाचे काम केले होते दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने. तिचे वय तेव्हा सुमारे सात वर्षांचे होते. चित्रपटाचा आरंभच नवलाचा आहे. कथा सुरू होण्यापूर्वी मंदाकिनीचा केवळ चेहरा पडद्यावर दिसतो. त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात आणि मग पाहता पाहता त्या मुलीच्या जागी कृष्ण उभा राहतो. जणू दादासाहेब प्रेक्षकांना सांगत आहेत, 'पाहा, ही तुमच्याआमच्या घरातलीच एक मुलगी आहे. आता तिची किमया पाहा.'

पुढे कृष्णाच्या खोड्या सुरू होतात. एक गवळण कृष्णाच्या सवंगड्यांचा अपमान करते, तेव्हा ही बालसेना तिच्या घरात शिरून लोण्यावर हात मारते. एका रात्री कृष्ण एका धनिकाच्या शयनगृहात हळूच शिरतो आणि झोपलेल्या त्या गृहस्थाची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. जागे झाल्यावर त्या दोघांची काय त्रेधा उडाली असेल, ते सांगावयास शब्द लागत नाहीत; आणि मूकपटापाशी शब्द नव्हतेच. या खोड्या पाहताना कळते, की सातासमुद्रांपलीकडच्या पडद्यावर जे चालले होते, तेच इकडे गोदावरीच्या काठी पुराणातील पीतांबर नेसून अवतरले होते. पेंद्याला हसणाऱ्या प्रेक्षकांना ते परके वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

या चित्रपटात कोण कोणाची फजिती करतो, हेही पाहण्यासारखे आहे. खोडी काढणारी मुले लहान आहेत. ज्याची दाढी बांधली गेली तो वयाने आणि धनाने मोठा आहे. चॅप्लिनच्या चित्रपटांतही हाच न्याय आढळतो. तेथे भटक्या भुकेला असतो, त्याचे कपडे फाटके असतात. आणि लाथ बसते ती बहुधा धिप्पाड पोलिसाला किंवा मग्रूर श्रीमंताला. दुबळ्याने बलवानाची फजिती केली, तर त्यात विनोद असतो. बलवानाने दुबळ्याची फजिती केली, तर त्याला विनोद म्हणत नाहीत. त्याला छळ म्हणतात. शाळेच्या आवारात बोबडे बोलणाऱ्या मुलाची नक्कल करून जे हशा पिकवितात, त्यांना हा भेद कळलेला नसतो. तेथे टोळके हसत असते आणि एकटा रडत असतो. चांगल्या विनोदात हसण्याचा वाटा सर्वांना मिळतो.

या हसण्यामागे केवढी मेहनत होती, हे ऐकले म्हणजे मन थक्क होते. बस्टर कीटन नावाचा एक नट होता. लहानपणापासून तो आईबापांबरोबर रंगमंचावर काम करी आणि वडील त्याला चेंडूसारखा इकडून तिकडे फेकीत. मोठेपणी त्याने पडद्यावर न हसण्याचे जणू व्रतच घेतले. १९२८ सालच्या एका चित्रपटात वादळात एका घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. तो मात्र जागचा हलत नाही. कारण भिंतीतील उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून खाली जाते आणि तो सुखरूप उभा राहतो. ती भिंत खरी जड होती आणि खिडकीची चौकट व कीटनचे अंग यांत काही इंचांचेच अंतर होते. पाऊल थोडे चुकले असते, तर प्राणच गेला असता.

हॅरॉल्ड लॉइड हा दुसरा नट. १९१९ साली छायाचित्र काढून घेताना त्याच्या हातातील बॉम्ब फुटला. तो खोटा आणि निरुपद्रवी आहे, अशी समजूत होती. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्याने गमावली. एखाद्याने तेथेच हाय खाल्ली असती. पण लॉइडने कृत्रिम बोटांचा हातमोजा करवून घेतला आणि १९२३ सालच्या 'सेफ्टी लास्ट' या चित्रपटात तो एका उंच इमारतीवर चढत गेला. वर पोहोचता पोहोचता त्याचा तोल जातो आणि तो भिंतीवरील प्रचंड घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. ते दृश्य पाहून हसणाऱ्या लोकांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की काटा धरणाऱ्या त्या हाताला दोन बोटेच नाहीत?

चॅप्लिनची कथा आणखी निराळी. मंदाकिनीने कृष्णाचा मुकुट घातला तेव्हा तिचे जे वय होते, त्याच वयात, १८९६ साली, चॅप्लिनला लंडनच्या गरिबांच्या आश्रमशाळेत दिवस काढावे लागले. आई आजारी, घरात अन्न नाही, अशी ती स्थिती होती. भूक त्याने पुस्तकात वाचलेली नव्हती. म्हणूनच १९२५ सालच्या 'द गोल्ड रश' मध्ये बर्फाने वेढलेल्या खोपटात उपाशी बसलेला त्याचा भटक्या जेव्हा स्वतःचा बूट उकडून खातो, तेव्हा ते दृश्य विसरता येत नाही. बुटाच्या नाड्या तो शेवयांप्रमाणे गुंडाळून तोंडात घालतो आणि खिळे हाडे चोखावीत तसे चोखतो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनविलेला होता. पण त्यामागची भूक बनविलेली नव्हती. पंक्तीला बसलेल्या यजमानासारखा त्याचा थाट पाहून प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता त्यांचे डोळे पाणावतात. विनोद करुणेच्या इतका जवळ राहतो, की दोघांच्या घरांमध्ये एखादी पातळ भिंतच असावी.

पुढे १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांचा जमाना ओसरला. दादासाहेबांनी 'गंगावतरण' हा बोलपट १९३७ साली काढला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, तो धंदा पुढे झपाट्याने वाढला. पण त्यांच्या उतारवयात त्याला त्यांची फारशी आठवण राहिली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. जगाने त्यांचे ऋण ओळखले ते पुष्कळ उशिरा. १९६९ सालापासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देत आले आहे, आणि नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे. त्यांच्या मूकपटांपैकी पुष्कळसे काळाच्या उदरात गडप झाले. त्या वेळच्या फिती नाजूक असत. त्या सहज पेट घेत किंवा जागच्या जागी झिजून जात. त्यांतून जे थोडे वाचले, त्यात 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आहे, हे आपले भाग्य होय.

या सर्व चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. त्यांतला नायक पडून राहत नाही. भटक्या पडतो, उठतो, टोपी झटकतो, काठी फिरवितो आणि पुढच्या वाटेला लागतो. कीटन कोसळलेल्या भिंतीतून बाहेर येतो. लॉइड लोंबकळतो, पण काटा सोडीत नाही. बाळकृष्ण यमुनेच्या डोहात उडी घेतो, काठावर सगळे गोकुळ हवालदिल होते, आणि अखेरीस तो कालियाच्या फणांवर नाचत वर येतो. पडणाऱ्याला पाहून येणारे हसू क्षणभराचे असते. उठणाऱ्याला पाहून येणारे हसू मनात टिकते. कारण आपणही केव्हातरी पडणार आहोत आणि आपल्यालाही उठता येईल, असा धीर ते देऊन जाते. शंभर वर्षांपूर्वीची ती मुकी, धुरकट चित्रे आजच्या मुलांनाही हसवितात ती यामुळेच. आणि एखादा सोबती खरोखरच ठेचकाळला, तर हसू ओठांवर असतानाच हात पुढे करावा, एवढे ज्याला जमले, त्याला विनोदाचे मर्म कळले असे समजावे.