अब्बांचा मजमुआ

अब्बा दौंडला रेल्वेत फिटर होते. आठवडाभर अंगाला डिझेलचा वास. जुम्याला मात्र कानात मजमुआचा फाया. आम्ही भावंडं वासावरून वार ओळखायचो. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. गेल्या रमजानमध्ये अम्मी फोनवर म्हणाली, "बेटा, ईद कू तेरे अब्बा का अत्तर लेके आ."

मी शिरूरला उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. बायकांनी सुगंध लावून घराबाहेर पडू नये, हे ऐकतच लहानाची मोठी झाले. त्यामुळे अत्तराच्या दुकानात शिरायची ही पहिलीच वेळ. पुण्यात एका दुकानात बाटलीचं बूच काढून हुंगलं, घमघमाट आला, पैसे दिले. अम्मीनं मनगटावर लावलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. पण अर्ध्या तासात नुसता मेणचट वास उरला. "ये वो नै," म्हणाली आणि हात धुवायला उठली.

मला वाईट वाटलं, त्याहून जास्त लाज वाटली. मुलांना दरवर्षी 'तबखीर' म्हणजे बाष्पीभवन आणि 'कशीद' म्हणजे ऊर्ध्वपातन शिकवते. आणि बाटलीच्या तोंडाशी येतो तो सर्वांत आधी उडून जाणाऱ्या घटकांचा वास, एवढंही मला सुचू नये?

सुगंध असा थराथरानं रचलेला असतो. लिंबू-संत्र्यासारखे हलके घटक काही मिनिटांत उडतात. मग फुलं येतात, ती तास-दोन तास राहतात. तळाशी चंदन, ऊद, कस्तुरी असे जड वास. ते सावकाश उडतात आणि वरच्यांनाही धरून ठेवतात. फवाऱ्याच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, म्हणून पहिला वास एकदम अंगावर येतो. (त्या अल्कोहोलवरून आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी वाद होतो. मी त्यात पडत नाही.) अत्तराचा पाया तेलाचा. कनौजला तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल ठेवलेलं असतं. ते सुगंध पिऊन घेतं. चंदन महागलं तसं पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त तेलं आली. मला वाटतं, अम्मीच्या हातावर उरलं ते असंच काहीतरी असावं.

शिरूरच्या बाजारात एक म्हातारे अत्तरवाले बसतात. त्यांनी मला शिशी हुंगूच दिली नाही. काडीनं मनगटावर ठिपका लावला. "बाई, चोळू नका. भाजी लेके आव, फिर बोलो." मजमुआ म्हणजे संग्रह, शायरीच्या संग्रहालाही आपण हाच शब्द वापरतो. जुन्या पद्धतीच्या मजमुआत खस, केवडा, कदंब आणि मिट्टी अशी चार अत्तरं एकत्र करतात. मिट्टी म्हणजे भाजलेल्या मातीचं अत्तर, पहिल्या पावसाचा वास. मी मेथी, कांदे, लिंबं घेऊन तासाभरानं परत आले, तोवर केवड्याचा तोरा उतरला होता. खाली ओलसर माती आणि खस. भर बाजारात माझे डोळे भरून आले. सगळ्यात लहान शिशी घेतली. तीही मास्तरणीच्या पगाराला जडच गेली.

पुढच्या रविवारी सकाळी ठिपका लावूनच दौंडला निघाले. न्हावरा मागे पडलं, चौफुला आला, तोवर ओढणीखालचा हात मी किती वेळा नाकाशी नेला कोण जाणे. शेजारची बाई टकमक बघत होती.

अम्मीनं माझं मनगट धरलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हौ, येइच है. लेकिन तेरे हाथ पे अलग लगता."

तेही खरंच. प्रत्येकाच्या त्वचेची ऊब निराळी, तेलकटपणा निराळा. एकच अत्तर दोघांच्या अंगावर एकसारखं उमलत नाही. मी हे तिला समजावायला लागले, तर ती उठून आत गेली. पेटीतून अब्बांची जुम्याची टोपी काढली, आतल्या घामट पट्टीवर काडी टेकवली. मी नाक पुढे केलं, तशी तिनं टोपी मागे घेतली.

"अब्बी नक्को. शाम कू देखेंगे."