स्वामीमलै आणि परदेशी गेलेले मन

कुंभकोणमहून तंजावरच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात भाताची खाचरे आणि नारळीच्या राया ह्यांच्यामधून एक गोपूर डोके वर काढते. तेच स्वामीमलै. 'मलै' म्हणजे डोंगर. परंतु कावेरीच्या ह्या सपाट खोऱ्यात डोंगर शोधावयास जाल तर फसाल. माणसांनी रचून उभारलेली ती एक उंच बैठक आहे आणि तिच्यावर मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, विराजमान आहे. वर जाण्यास साठ पायऱ्या आहेत. एकेक पायरी म्हणजे एकेक संवत्सर अशी समजूत असून ती नावेही आपल्या पंचांगातलीच: प्रभव, विभव आणि पुढची. महाराष्ट्रात बायका कार्तिकेयाचे दर्शन घेत नाहीत, असे लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे पहिल्या पायरीशी माझे पाऊल क्षणभर अडखळले. इकडे मात्र हा देव वळ्ळी आणि देवयानै ह्या दोन पत्नींचा संसारी पती आहे आणि नव्या नवऱ्या मोठ्या हौसेने त्याच्या पायांशी येतात. मीही मग चढले.

ह्या स्थळाची कथा अशी, की ओंकाराचा अर्थ ब्रह्मदेवास सांगता येईना म्हणून बालमुरुगनाने त्यास कोंडून ठेवले. शंकर रदबदलीस आले आणि 'तुला तरी तो अर्थ येतो का?' असे त्यांनी मुलास विचारले. 'येतो, पण शिष्य होऊन ऐकाल तर सांगेन,' असे उत्तर मिळाले. तेव्हा प्रत्यक्ष महादेवाने मुलापुढे मान लवविली आणि कान दिला. म्हणून मुरुगन येथे स्वामिनाथन, म्हणजे स्वामीचाही नाथ झाला. बापाने मुलाचे काही ऐकून घेतले, ह्यासाठी एवढे मोठे देऊळ उभारले गेले, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटली.

देवळाखालच्या गल्ल्यांतून मूर्तिकारांच्या शाळा आहेत. मेण आणि राळ ह्यांची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती लेपतात, साचा तापवून मेण वाहू देतात आणि रिकाम्या जागेत पंचलोहाचा रस ओततात. मूर्ती काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एकीसारखी दुसरी होत नाही. प्रमाण मोजण्यास नारळीच्या झावळीची पट्टी असते, तिच्या घड्या घालून चेहरा, छाती, मांडी ठरवितात.

अशाच एका घराच्या ओसरीवर कॉफी घेत असता तेथील वृद्ध गृहिणीने माझ्या सोबतच्या मुलीस काही सांगितले. तिचा धाकटा मुलगा आखातात कामाला आहे. फोन नियमाने येतो, पैसेही येतात. परंतु गेल्या दोन महिन्यांत त्याच्या बोलण्यातले काही हरवले आहे, असे तिचे म्हणणे. सोबतची मुलगी भाषांतरासाठी शब्द शोधू लागली, पण मला त्याची गरज पडली नाही. 'मनसु सरियिल्लै,' एवढेच ती माउली म्हणाली होती. मन ठीक नाही. भाषांतर हाच माझा रोजचा व्यवसाय. पण एखादे वाक्य असे जसेच्या तसे हाती येण्याचा योग क्वचितच येतो.

वाचकहो, माझा धाकटा भाऊ जर्मनीत शिकतो आहे. दर रविवारी तो सांगतो, 'सगळं ठीक.' जुन्या पत्रांत आपण 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असे लिहीत असू, त्याचाच हा नवा अवतार होय. त्या बाईंचे वाक्य कानांत घेऊनच मी दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला परतले आणि श्रीनिवास रामानुजन ह्यांचे घर पाहण्यास गेले.

सारंगपाणी देवालयाच्या समोरच्या रस्त्यावरचे हे कौलारू घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. घर एवढेसे आहे. पुढच्या लहान खोलीत रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आहे आणि तिच्याशी खाट. शेजारची मुले बाहेर खेळत असता हा मुलगा पाटीवर गणिते करीत येथेच बसे. कावेरीकाठच्या ज्या सरकारी महाविद्यालयात गणितावाचून दुसऱ्या विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती गेली, त्या महाविद्यालयाला लोक कौतुकाने 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणत. खऱ्या केंब्रिजला तो निघाला १७ मार्च १९१४ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. शेंडी कापलेली आणि अंगावर विलायती पोशाख, अशा वेषात आई व पत्नी ह्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्याने त्यांना आधीच मद्रासहून कुंभकोणमला धाडून दिले होते.

पुढची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्या पाच वर्षांतील मनाची हकीगत मात्र कोणी फारशी सांगत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळविणारे प्रशांतचंद्र महालनोबीस हे विद्यार्थी त्यास भेटावयास गेले. रात्री फार थंडी वाजते, म्हणून ओव्हरकोट घालून आणि शाल पांघरून निजतो, असे रामानुजन म्हणाले. महालनोबीसांनी पलंग पाहिला. पांघरुणे होती, पण विलायती रीतीप्रमाणे ती गादीखाली घट्ट खोचलेली होती आणि त्यांच्या आत शिरून झोपावयाचे असते, हे त्या थोर गणितज्ञाला कोणी सांगितलेच नव्हते! ही गोष्ट आपण हसत हसत सांगतो. परंतु विचारावयास कोणी नसल्यामुळे एक माणूस रात्रीमागून रात्र कुडकुडत राहिला, हा तिचा अर्थ आहे.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. भाजीपाला दुर्मिळ झाला. कडक शाकाहारी असल्यामुळे रामानुजन महाविद्यालयाच्या भोजनगृहात बसत नसत. खोलीवर हाताने शिजवीत आणि तेही अवेळी. एकदा त्यांनी काही भारतीय मित्रमैत्रिणींना जेवावयास बोलाविले. स्वतः केलेले रसम् त्यांनी आग्रहाने वाढले. पुन्हा वाढावयास आले, तेव्हा पाहुण्या स्त्रियांनी 'आता पुरे' म्हटले. रामानुजन खोलीबाहेर गेले ते परतलेच नाहीत. काही दिवसांनी ऑक्सफर्डहून पैशांसाठी त्यांची तार आली. आपला अपमान झाला, असे त्यांना वाटले होते. एवढ्याशा गोष्टीने असा घाव बसावा, ही खूण होती. ती ओळखणारे जवळ कोणी नव्हते.

घरीही धागा तुटत चालला होता. सासू-सुनेचे पटत नव्हते. पतीस लिहिलेली आपली पत्रे सासूबाई पोचूच देत नसत, असे जानकीबाईंनी पुढे वृद्धपणी सांगितले. इकडून उत्तर नाही, म्हणून तिकडून लिहिणे कमी झाले आणि १९१७ च्या सुमारास ते जवळजवळ थांबले. त्याच वर्षी शरीरानेही दगा दिला व एकामागून एक आरोग्यधामे सुरू झाली. क्षयाचा उपचार झाला. पुढे १९९४ मध्ये एका अभ्यासकाने तो आजार क्षय नसून यकृतातील आमांशाचा असावा, असे मत मांडले. प्राध्यापक हार्डी ह्यांनी त्यांच्यासाठी जेवढे केले तेवढे क्वचितच कोणी करील. तरीही रोज पाच-सहा नवे सिद्धांत पुढे येत असता, ते त्यांना कसे सुचले, तुम्ही काय वाचलेत, हे विचारावयाचे राहूनच गेले, अशी खंत हार्डींनी पुढे स्वतःच व्यक्त केली आहे.

१९१८ च्या प्रारंभी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकात रामानुजन ह्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एका रक्षकाने वेळीच गाडी थांबविल्यामुळे ते वाचले. त्या काळी इंग्लंडात हा गुन्हा होता, म्हणून पोलिसांनी त्यांस पकडून नेले. हार्डी धावून गेले आणि, थोडी थाप मारून, हे रॉयल सोसायटीचे सदस्य आहेत, असे सांगून त्यांनी त्यांची सुटका करविली. ही थाप २ मे रोजी खरी ठरली. मात्र त्या मनाचे पुढे काय, हे विचारणारा वैद्य त्या हकिगतीत कोठेच दिसत नाही.

२७ मार्च १९१९ रोजी आगबोट मुंबईच्या धक्क्यास लागली. आई आणि भाऊ नेण्यास आले होते. रामानुजन ह्यांनी प्रथम विचारले, 'ती कोठे आहे?' २६ एप्रिल १९२० रोजी, मद्रासमध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. शेवटचे वर्ष ती त्यांच्या उशाशी होती.

आज काय पालटले आहे, हे मी त्या खिडकीजवळ उभी राहून मनाशी मोजीत होते. इंग्लंडात जीव देण्याचा प्रयत्न १९६१ पासून गुन्हा राहिलेला नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसास तीव्र ताणाखालचा समजून त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. जुन्या दंडसंहितेतले ते कलमही १ जुलै २०२४ पासून गेले. बहुतेक परदेशी विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात. तेथे गेल्यास प्राध्यापकांस कळेल, व्हिसा जाईल, ह्या भीतीने आपली मुले दाराशी जाऊन परततात. वास्तविक जिवास धोका असल्याखेरीज तेथले बोलणे सहसा बाहेर जात नाही. मात्र भेटीचा दिवस लवकर मिळेलच असे नाही, म्हणून बरे असतानाच ते दार पाहून ठेवावे. जीव धोक्यात असेल तर थांबू नये: ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघातील देशांत ११२ आणि अमेरिकेत मनाच्या संकटासाठी ९८८ हे क्रमांक आहेत. कामगारांनी भारतीय दूतावासाचा क्रमांक जवळ बाळगावा; अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून तेथे कल्याणनिधी आहे.

मनावरची औषधे चालू असतील, तर ती प्रवासाच्या धांदलीत मध्येच बंद करू नयेत. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी परदेशी दुकानात बहुधा चालत नाही आणि अमिराती व जपान अशा काही देशांत विशिष्ट गोळ्यांना आधी परवानगी लागते. म्हणून औषधाचे मूळ नाव लिहिलेले पत्र आणि मूळ वेष्टण दोन्ही बरोबर हवीत. विम्याच्या कागदात मनाच्या आजाराविषयी काय लिहिले आहे, हे निघण्यापूर्वी वाचावे.

आणि घरी राहिलेल्यांचे काय? १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर देशात अहोरात्र, विनामूल्य मिळते, मराठीतही. दूर असलेल्या मुलाशी कसे बोलावे, हे विचारण्यासही आई-बापांनी तो फिरवावा. त्यात कमीपणा काहीच नाही. 'जीव रमत नाही', 'छातीत धडधडते', 'जीव कासावीस होतो' ही वाक्ये इंग्रजीत नेता नेता निम्मी सांडतात, हे भाषांतराच्या मेजावर बसून मी अनेकदा अनुभवले आहे. जर्मनीत काय होत असेल ते निराळे सांगावयास नको. म्हणून परक्या वैद्याकडे जाण्याआधी ती आपल्या भाषेत कोणापाशी तरी बोलून झालेली असावीत.

संध्याकाळी पुन्हा स्वामीमलैला आले. त्या वृद्ध गृहिणीसाठी तमिळ भाषेतही हीच सेवा मिळते, असे सोबतच्या मुलीकरवी सांगितले आणि क्रमांक कागदावर लिहून दिला. तिने तो देवाच्या तसबिरीमागे खोचला. मग पायऱ्यांच्या तळाशी बसून मी भावाला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो दचकला. 'कसा आहेस?' असे मी विचारले नाही. काल रात्री काय जेवलास आणि झोप कितीला लागली, एवढेच विचारले. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. नंतर तो म्हणाला, 'ताई, तुला वेळ आहे का?'

मी म्हटले, आहे.