राई आणि मोहरी

मराठीत घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी. पण इंग्रजीतले 'माउस' आणि 'रॅट' मात्र दोघेही एका 'उंदीर' शब्दाच्या बिळात शिरतात. अनुवाद करताना दर वेळी एखादं विशेषण लावून त्यांना वेगळं काढावं लागतं. जबलपुरात घराबाहेर पडलं की लागणारा हिंदीतला 'चूहा'ही तितकाच ढगळ. संस्कृतातला 'मूष', लॅटिनमधला 'मुस' आणि 'माउस' मात्र एकाच कुळातले. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, तेव्हापासून हा प्राणी आपल्या घरात आहे.

लेकीने पाळलेल्या दोन पांढऱ्या माद्या सख्ख्या बहिणी होत्या. आम्ही घरात मराठी, बाहेर हिंदी. म्हणून नावं राई आणि मोहरी. दाणा एकच, शब्द दोन. फेब्रुवारीत राई गेली. उंदराचं आयुष्यच जेमतेम दोन वर्षांचं. पण पूर्वी एकमेकींच्या अंगावर ढीग करून झोपणाऱ्या दोघींपैकी मोहरी आता कोपऱ्यात कागदाच्या कपच्यांत एकटी निजू लागली. चाकावरही क्वचितच चढायची. लेकीने विचारलं, "आई, तिला खरंच सोबत लागते, की आपल्यालाच तसं वाटतं?"

लागते. माद्या एका घरट्यात राहतात, एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. त्यांची ओळख वासाने पटते, आणि बरंचसं बोलणं माणसाला ऐकूच येत नाही इतक्या उंच स्वरात चालतं. रोज तासभर हातावर खेळवलं तरी ते बोलणं आपल्याला जमणार नाही. नरांचं वेगळं. वयात आलेले दोन नर, अगदी भाऊ असले तरी, शेपटी-पाठीचे लचके तोडतात. आणि दुकानात 'जोडी' हा शब्द जपून वापरावा. तिथे त्याचा अर्थ नर-मादी असा होतो, आणि जेमतेम तीन आठवड्यांत पिंजरा पिल्लांनी भरतो.

तरीही मी काही दिवस टाळाटाळ केली. मी एकटीने काम करणारी. दार लावून शब्दांशी बसणं हे माझं सुख आहे, मग तिला का नसावं? पण माझ्या खोलीची कडी आतून आहे. मोहरीच्या पिंजऱ्याची बाहेरून.

एकच नवी आणली असती, तर मोहरीनंतर ती एकटी पडली असती. म्हणून एकाच विणीतल्या दोन तरुण माद्या आणल्या. दोन आठवडे त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, आजार असेल तर दिसावा म्हणून. मग कुणाचाच वास नसलेल्या धुतलेल्या टबात रोज थोडा वेळ भेट. तोवर पिंजरा धुऊन आतली मांडणी बदलली, म्हणजे कुठल्याच कोपऱ्यावर कुणाचा जुना हक्क राहू नये. पाण्याच्या बाटल्या दोन, दाणे विखुरलेले, लपायच्या खोक्यांना दोन-दोन दारं, म्हणजे कुणी कुणाला आत कोंडू नये. पाठलाग आणि चिरकणं चालतं. रक्त दिसलं तर वेगळं करायचं. एकदा जमलं की मात्र सगळं एकदम धुवायचं नाही. घरट्याचा थोडा जुना भाग ठेवायचा, कारण त्यातच आता तिघींचा मिळून एक वास असतो. मे महिन्यात पिंजरा उन्हापासून आणि कूलरच्या थेट झोतापासून दूर.

दहाव्या दिवशी तिघी एका ढिगात झोपल्या होत्या. कुठली शेपटी कुणाची ते कळत नव्हतं.

लेकीने हिशेब मांडलाच : "मोहरीनंतर या दोघी. मग त्यांतली एक. मग पुन्हा आणायची? हे संपणारच नाही." मी उत्तर दिलं नाही. ती आता बारावीत आहे. या दोघींतली एक मागे उरेल तेव्हा लेक दुसऱ्या गावी शिकत असेल, आणि पिंजरा माझ्या टेबलाशेजारी असेल.