शेवटचा नंबर कुणाचा?

वर्गात पहिला नंबर कुणाचा यावरून शिक्षकांच्या खोलीत वाद झालेला मला आठवत नाही. वाद व्हायचा तो शेवटच्या नंबराचा. एक मुलगा वर्षभर शाळेकडे फिरकलाच नाही. दुसरा रोज आला, पण काही शिकला नाही. तिसऱ्याने स्वतः अभ्यास केला नाहीच, वर शेजारच्याची वही फाडून टाकली. निकालपत्रकावर तिघांसमोरही लाल शाईच. पण तिघांचं नापास होणं सारखं असतं का?

अमेरिकेचा सर्वांत वाईट राष्ट्राध्यक्ष कोण, हा वाद वाचताना मला ती खोली आठवते. वाद तसा जुना आहे. १९४८ साली आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी ५५ जाणकारांची मतं घेऊन ‘लाइफ’ मासिकात अध्यक्षांची क्रमवारी छापली. तिच्यात तळाला होते वॉरन हार्डिंग, आणि त्यांच्या जरा वर युलिसिस ग्रँट. पुढे सी-स्पॅन या वाहिनीने २०००, २००९, २०१७ आणि २०२१ अशा चार वेळा इतिहासकारांना विचारलं. चारही वेळा तळाला जेम्स ब्युकॅनन. २०२४ साली काही राज्यशास्त्रज्ञांनी अशीच पाहणी केली, तिच्यात शेवटचा नंबर डोनाल्ड ट्रम्प यांना मिळाला. म्हणजे विचारणारे बदलले, काळ बदलला, की शेवटचा बाकही बदलतो.

जे हयात आहेत त्यांचे पेपर मी तपासायला घेत नाही. उत्तरपत्रिकेवरची शाई तरी वाळायला हवी. तेव्हा गेलेल्यांविषयीच बोलू.

माझ्या पिढीच्या माणसांना हा प्रश्न विचारलात तर बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता ‘निक्सन’ म्हणतील. १९७१ चा डिसेंबर आम्ही विसरलेलो नाही. पूर्व पाकिस्तानातून कोटभर माणसं जीव मुठीत घेऊन भारतात आली होती आणि निक्सन याह्याखानांच्या पाठीशी उभे होते. ढाक्यातले अमेरिकेचेच वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल १९७१ ला आपल्या सरकारच्या धोरणाचा निषेध करणारी तार पाठवली, तर त्यांनाच तिथून हलवलं. मग डिसेंबरात ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली. काचांना काळे कागद लावून घरात रेडिओभोवती बसणं म्हणजे काय, हे त्या वर्षी कळलं. पण गंमत बघा, अमेरिकेत निक्सनचं नाव निघतं ते वॉटरगेटवरून. चोरून ऐकणं, पुरावे दडवणं, मग ९ ऑगस्ट १९७४ चा राजीनामा. एवढंच. बंगालमधल्या मेलेल्या माणसांना तिथल्या प्रगतिपुस्तकात रकानाच नाही. तेव्हा पहिली गोष्ट ही, की वाईट कोण हे विचारण्याआधी ‘कुणासाठी वाईट?’ हे विचारावं लागतं.

हार्डिंगचा निकाल मी लवकर लावते. माणूस ढिला, मित्र लोभी. सरकारी तेलसाठ्यांचे पट्टे लाच घेऊन देण्यात आले, ते ‘टीपॉट डोम’ प्रकरण त्यांच्याच कारकिर्दीतलं. पण याच हार्डिंगनी युद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात टाकलेल्या युजीन डेब्स या समाजवादी नेत्याची १९२१ साली सुटका केली. त्याच वर्षी अलाबामात जाऊन, गोऱ्या श्रोत्यांसमोर, काळ्यांना समान राजकीय हक्क हवेत असं भाषणही केलं. हार्डिंगच्या राज्यात तिजोरी लुटली गेली. वाईटच. पण तिजोरी पुन्हा भरता येते.

ब्युकॅननचं प्रकरण जास्त गंभीर आहे. १८५७ ला अध्यक्ष झालेल्या या माणसाइतका अनुभवी उमेदवार मिळणं कठीण. खासदार, सिनेटर, रशिया आणि ब्रिटनमधला वकील, परराष्ट्रमंत्री, सगळं करून झालेलं. शपथ घेतल्यावर दोनच दिवसांनी, ६ मार्च १८५७ ला, ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल आला. काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असं सरन्यायाधीश टॉनी यांनी सांगितलं. हा निकाल काय लागणार हे ब्युकॅननना आधी ठाऊक होतं. इतकंच नव्हे, त्यांनी एका न्यायाधीशाचं मन वळवण्याचाही प्रयत्न केला होता. गुलामगिरीचा प्रश्न कोर्टात मिटेल आणि आपण चार वर्षं सुखाने काढू, असा हिशेब. तो मिटला नाहीच. डिसेंबर १८६० मध्ये दक्षिणेतली राज्यं फुटू लागली, तेव्हा हे म्हणाले की राज्यांना फुटण्याचा अधिकार नाही, पण त्यांना थांबवण्याचा अधिकार मलाही नाही! लिंकन शपथ घेईपर्यंत सात राज्यं गेली होती. पुढच्या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसं मेली.

एवढं असूनही माझ्या यादीत शेवटचा नंबर ब्युकॅननचा नाही. त्यांनी आग लागू दिली हे खरं, पण त्यांच्या पाठोपाठ आलेल्या माणसाने ती विझवली आणि विझवता विझवता चाळीस लाख गुलामांच्या बेड्याही तोडल्या. शेवटचा नंबर मी देते तो त्याच्याही नंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनना.

जॉन्सनची सुरुवात वाचली तर कुणाही शिक्षकाला माया वाटेल. जन्म १८०८ चा, नॉर्थ कॅरोलायनात. तीन वर्षांचे असताना वडील वारले. आईने शिंप्याकडे उमेदवारीला ठेवलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्न झाल्यावर बायकोने, एलायझाने, लिहायला आणि हिशेब करायला शिकवलं. तिथून हा माणूस सिनेटपर्यंत चढला. दक्षिणेतली राज्यं फुटली, तेव्हा त्यांच्या सिनेटरांपैकी हा एकटा देशाशी एकनिष्ठ राहिला. म्हणून लिंकननी १८६४ साली त्यांना उपाध्यक्षपदासाठी बरोबर घेतलं. १५ एप्रिल १८६५ ला लिंकन गेले, आणि सहा आठवड्यांचा हा उपाध्यक्ष राष्ट्राध्यक्ष झाला.

त्या उन्हाळ्यात अमेरिकेला जी संधी होती तशी देशाला क्वचितच मिळते. दक्षिण हरलेली, मळेवाल्यांची मस्ती उतरलेली. काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबरपर्यंत नव्हतं, म्हणजे सारी सूत्रं एका माणसाच्या हाती. सेनापती शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्येच हुकूम काढून साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत तुकडे पाडून द्यायला सुरुवात केली होती. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर वसली. पेरणी झाली, पीकही आलं.

जॉन्सननी २९ मे १८६५ ला माफीचा जाहीरनामा काढला. एकनिष्ठेची शपथ घ्या, गुलाम सोडून बाकी मालमत्ता परत घ्या. बड्या मळेवाल्यांना त्यातून वगळलं होतं, पण त्यांनी वेगळा अर्ज करायचा होता, आणि अर्ज धडाधड मंजूर होत गेले. मग प्रश्न आला, त्या जमिनीवर बसलेल्या कुटुंबांचं काय? ऑक्टोबरात जनरल हॉवर्ड यांना एडिस्टो बेटावर पाठवण्यात आलं. युद्धात उजवा हात गमावलेला हा सेनाधिकारी चर्चमध्ये जमलेल्या माणसांसमोर उभा राहिला आणि जमिनी जुन्या मालकांना परत कराव्या लागतील, असं त्याला सांगावं लागलं. गोंधळ सुरू झाला. कुणी ऐकून घेईना. तेव्हा एका बाईने दुःखाचं एक गाणं सुरू केलं आणि सगळी सभा तिच्यामागून गाऊ लागली. नंतर त्या लोकांनी अर्ज लिहिला. ज्यांनी आम्हाला झाडाला बांधून फटके मारले त्यांना आम्ही सहजी क्षमा करू शकत नाही, आणि त्यांच्याच दारात पोटासाठी उभं राहावं लागलं तर आम्ही स्वतंत्र कसे, असा त्याचा आशय. त्या अर्जाने जमीन राहिली नाही.

आपल्याकडे भूमिहीन म्हणजे काय हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला यापुढचं समजावून सांगायला नको. त्याच हिवाळ्यात दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. मिसिसिपीत दर जानेवारीला नोकरीचा लेखी पुरावा दाखवायचा, नसेल तर भटक्या ठरवून दंड, दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. गावाबाहेर काळ्या माणसाला जमीन भाड्यानेही द्यायची नाही. बेडी गेली, साखळी राहिली. काँग्रेसने १८६६ साली नागरी हक्कांचा कायदा केला, जॉन्सननी तो नाकारला. काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करून घेतला. चौदाव्या घटनादुरुस्तीलाही त्यांचा विरोधच.

१८६८ साली त्यांच्यावर महाभियोग झाला. पण आरोप काय? तर युद्धमंत्री स्टँटन यांना नियमबाह्य काढलं! सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मतं पडली आणि एका मताने खुर्ची वाचली. इथेही निक्सनसारखंच. खरा अपराध एक, आरोपपत्र भलतंच.

कुणी म्हणेल, सगळं खापर एकट्या जॉन्सनवर का? १८७७ नंतर दक्षिणेतल्या काळ्यांना वाऱ्यावर सोडलं ते हेजनी आणि त्यांच्या पक्षाने. कबूल. पण लोखंड तापलेलं असताना घण खाली ठेवला तो जॉन्सननी. नंतरच्यांनी थंड लोखंडावर कितीही ठोकलं तरी आकार आला नाही. ब्युकॅननची चूक लिंकननी चार वर्षांत निस्तरली. जॉन्सनच्या करणीवर उतारा म्हणावा असे कायदे यायला १९६४ आणि १९६५ साल उजाडावं लागलं. शंभर वर्षं! शेजारच्याची वही फाडणारा मुलगा तो हाच.

आणि तरीही १९४८ च्या यादीत जॉन्सन २९ जणांत १९वे होते. साधारण गटात, पास! कारण इतिहास लिहिणारे कोण होते ते पाहा. कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग यांच्या परंपरेने असं शिकवलं होतं, की काळ्यांना मताधिकार देणं हीच त्या काळाची चूक. जॉन्सनला वाचवणाऱ्या मतांपैकी एक मत टाकणाऱ्या सिनेटर रॉस यांना जॉन केनेडींनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात धैर्याचा नमुना म्हणून गौरवलं. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या विद्वानाने १९३५ सालीच दुसरी बाजू मांडली होती, पण तिकडे लक्ष जायला तीस वर्षं लागली. त्याच कोलंबियात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली या डुबॉइसना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. कुणाचं वाचायचं हे बाबासाहेबांना बरोबर ठाऊक होतं.

मराठी माणसाचा या गोष्टीशी संबंध त्याहूनही जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जन लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छा. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या जमावाने साठांहून जास्त काळ्या माणसांना ठार मारलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर शस्त्रं खाली ठेवली होती. दोषी ठरलेल्या मोजक्या लोकांची शिक्षा १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

म्हणून फुल्यांची अर्पणपत्रिका व्यर्थ होती का? मला तसं वाटत नाही. त्यांनी ती कुठल्याही अध्यक्षाच्या नावे लिहिली नाही, लिंकनच्याही नाही. लोकांच्या नावे लिहिली. अध्यक्ष चार वर्षांनी जातो. एडिस्टोवर अर्ज लिहिणारी माणसं आणि त्यांची नातवंडं मात्र शंभर वर्षं अर्ज लिहीतच राहिली.