वाणाच्या पुडीची चिठ्ठी



हळदीचा पाला पिवळा पडून खाली बसलाय. पाणी तोडलं. काढणीला अजून वेळ आहे, म्हणून हात जरा मोकळे आहेत. संक्रांतीच्या तोंडावर दोन-तीन वर्षांपासून आमच्या घरी एक काम चालतं. फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून आज त्यावरच लिहितो. हळदीच्या पुडीला बांधायची हाताने केलेली कागदाची चिठ्ठी. पोरं तिला टॅग म्हणतात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, बाया वाण लुटतात. प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाटून कंटाळलेल्या शहरातल्या काही ताई आमच्याकडून शंभर ग्रॅमच्या पुड्या वाण म्हणून नेतात. कापडी पुडी, तोंडाला सुतळी, सुतळीत चिठ्ठी. वजन, तारीख, नोंदणी नंबर ही कायद्याची माहिती वेगळ्या लेबलवर असते. चिठ्ठी त्याची जागा घेत नाही.

आता कृती. लेकीच्या जुन्या वह्यांची पानं बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायची. गुळगुळीत, चकाकणाऱ्या लग्नपत्रिका घेऊ नका, त्यांचा लगदा नीट होत नाही. सकाळी भरपूर पाणी घालून जुन्या मिक्सरमध्ये फिरवायचं. टबात पाणी घेऊन त्यात लगदा मोकळा करायचा. लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून ठोकली की चाळणी तयार. ती तिरपी बुडवायची, आडवी उचलायची, पाणी निथळताना हलकेच हलवायची. मग जुन्या धोतराच्या कापडावर उपडी करून कागद उतरवायचा. असे थर एकावर एक ठेवून वर पाटा ठेवायचा. पाणी निघालं की सावलीत वाळवायचं.

वाळलेला कागद तांदळाच्या पातळ पेजेतून काढून परत वाळवायचा. खळ नसली तर शाई फुटते. आमची चौकट आठ बाय दहा इंचाची आहे. दोन बाय चारच्या दहा चिठ्ठ्या एका कागदात बसतात.

नुसत्या वहीच्या कागदाची चिठ्ठी भोकाजवळ फाटते, कारण त्याचा धागा आखूड. म्हणून आम्ही त्यात अंबाडीचा वाख घालतो. नखाएवढा कातरून, धुण्याचा सोडा टाकून शिजवायचा आणि सोडा जाईपर्यंत धुवायचा. धुतला की नाही हे बघायला हळदच कामाला येते. वाखावर चिमूटभर हळद टाका. लाल झाली तर सोडा राहिलाय, अजून धुवा. हळदीला चुना लागला की ती लाल होते, त्यातलाच हा प्रकार. चिठ्ठीला पिवळा रंग द्यायला लगद्यात चमचाभर हळद घातली तरी चालते, पण वाळवणं सावलीतच. उन्हात हळदीचा रंग उडतो.

सुतळी पण अंबाडीचीच. बांधावर दोन तास अंबाडी असते, भाजीला आणि वाखाला. फुलावर आली की कापायची, पाला गळू द्यायचा, पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबून बारा-पंधरा दिवस कुजवायच्या. मग साल सोलून धुऊन वाळवायची. पोळ्याच्या आधी माझे वडील यातूनच कासरा, दावं, वेसण सगळं वळायचे. आता बैलाला नायलॉन आहे. ती कला आमच्या घरात या चिठ्ठीपुरती उरली. दोन पेड मांडीवर एका बाजूला पिळायचे, मग एकमेकांवर उलट पीळ द्यायचा, म्हणजे सुटत नाही. एका पुडीला हातभर सुतळी लागते. मधोमध दुमडून तिचा फास भोकातून काढायचा आणि दोन्ही टोकं फासातून ओढायची. गाठ मारायची गरज नाही.

हे काही आमचं नवीन नाही. आपल्या मराठवाड्यातच दौलताबादच्या पुढे वेरूळच्या रस्त्याला कागजीपुरा आहे. तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी इकडे आणली तेव्हापासून तिथे हाताने कागद होतो असं सांगतात. पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. त्यांच्यापुढे आमचा कागद म्हणजे पोराची पाटी. पण पुडीपुरता भागतो.

आता खरी गोष्ट. या महिन्याच्या सुरुवातीला पुण्याहून एका ताईंचा फोन आला. शंभर पुड्या पाहिजेत. भाव अजिबात घासला नाही. फक्त म्हणाल्या, "दादा, चिठ्ठीवर 'नवी हळद, सेंद्रिय' असं लिहा. बायकांना बरं वाटतं."

मी म्हणलं, "ताई, नवी हळद अजून जमिनीत आहे. ती निघणार, शिजणार, पंधरा दिवस वाळणार, मग पॉलिश आणि दळण. आत्ता आहे ती मागच्या मार्चची. शेणखत भरपूर टाकतो, पण कंदमाशीला एकदा औषध सोडलंय. सेंद्रिय कसं लिहू?"

ताई म्हणाल्या, विचारून सांगते.

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "अहो, शंभर चिठ्ठ्या करून ठेवल्यात. दोन शब्दांनी कुणाचं काय बिघडतंय?" तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. काढणीच्या मजुरांना उचल द्यायची होती, आणि चार-पाच हजार आमच्या घरात लहान रक्कम नाही. किराण्याचे पैसे तिलाच जुळवावे लागतात.

पण मला दुसरं दिसत होतं. तीस वर्षं मी मोंढ्यात हळद घालतोय. पोत्यावर ढिगाचा नंबर असतो, माझं नाव पट्टीवर. ती हळद पुढे कुणाच्या भाजीत गेली, मला माहीत नाही. खाणाऱ्याला मी माहीत नाही. चांगली निघाली तर माझं नाव नाही, वाईट निघाली तरी नाही. माझं नाव आणि माझं गाव माझ्या मालाबरोबर उंबऱ्याच्या आत जातं ते फक्त या दोन बाय चारच्या तुकड्यावर. त्यावरच खोटं लिहायचं तर मोंढ्यातला नंबर काय वाईट होता?

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. चाळीस घेतो म्हणाल्या, घरच्या बायकांना आहे ते चालतं. बाकीच्या साठ सोसायटीसाठी होत्या, त्या दुसरीकडून घेतल्या. चाळीस चिठ्ठ्यांवर लेकीने लिहिलं: माझं नाव, गाव, सेलम हळद, काढणी मागच्या मार्चची, घरी शिजवून वाळवलेली. उरलेल्या साठांपैकी वीस सौ.ने गावात वाणाला काढल्या. चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या डब्यात आहेत. उचल सोसायटीच्या दूधपट्टीतून दिली.

नवी हळद दळून झाली की त्याच चिठ्ठ्यांवर नवी हळद लिहू. तेव्हा ते खरं असंल.

अंबाडीचं बी शेर-दीड शेर शिल्लक आहे. बांधावर दोन तास टाकायचे असतील तर पेरणीच्या आधी येऊन मूठभर घेऊन जा. पैसे नकोत.