बोटं तीच होती

गिटार शिकणाऱ्या बहुतेकांचं घोडं ‘एफ’ कॉर्डपाशी अडतं. तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकायची, उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन तारा दाबायच्या आणि आवाज मात्र स्वच्छ यायला हवा. येतो तो ‘थड’. मग काही महिन्यांत गिटार कव्हरमध्ये जाते, कव्हर कपाटावर जातं आणि घरातले म्हणतात, चार दिवसांची हौस.

माझी गिटार दहावीच्या सुट्टीत घेतलेली, साडेचार हजारांची अकूस्टिक. क्लासमधले सर माझा पंजा बघून म्हणाले, “तुझी बोटं लहान आहेत, जरा अवघडच आहे.” सोळाव्या वर्षी ऐकलेलं असं वाक्य गिटारपुरतं राहत नाही. पुढे दोन वर्षं गाणं, नाच, चित्रकला, कशाचंही नाव निघालं की मी आधीच सांगून टाकायचे, “माझ्यात नाहीये ते.”

मग एकदा तारा बदलायला ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गिटार नेली. त्यांनी ती वाजवून न बघताच खिशातून पोलादी पट्टी काढली आणि बाराव्या फ्रेटवर, सगळ्यात जाड तारेखाली धरली.

“साडेतीन मिलिमीटर. यावर एफ कसा धरतेस गं?”

“नाही धरता येत. बोटं लहान आहेत माझी.”

“बोटांचं नंतर बघू. आधी हिचं बघू.”

तार आणि फ्रेट यांच्यातल्या या अंतराला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. अकूस्टिकवर ते बाराव्या फ्रेटपाशी अडीच मिलिमीटरच्या आसपास असलं की हाताला बरं पडतं. स्वस्तातल्या गिटारी बऱ्याचदा तारा उंच ठेवूनच दुकानात येतात. तार उंच असली की ती फ्रेटवर घासून खरखरत नाही आणि बारीक घासकामाचा वेळही वाचतो.

तारा दोन टोकांना टेकतात. वर नट, खाली सॅडल. नटच्या खाचा उथळ असल्या की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि एफ नेमका पहिल्याच फ्रेटवर! बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथं 1 मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल 2 मिलिमीटर घासावं लागतं. काकांनी तासाभरात दोन्ही कामं उरकली. मी एफ धरला. सहाही तारा वाजल्या.

बोटं तीच होती.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडी कणाकणानं घासत, कान देऊन बसतात. वाद्य आधी नीट करून घ्यायचं, ही समज आपल्याकडे जुनीच आहे. गिटार मात्र आपण कुकरसारखी खोक्यातून काढतो आणि थेट वाजवायला बसतो.

आता माझ्याकडे दोन गिटारी आहेत. दुसरी सेकंडहँड इलेक्ट्रिक. तिला ‘नऊचा’ सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची, अकूस्टिकला ‘बाराचा’. रात्री अकरानंतर वन बीएचकेमध्ये हेडफोन लावून इलेक्ट्रिक वाजवता येते आणि तिच्यावर एफ अगदी लोण्यासारखा बसतो. जून उजाडला की मात्र अकूस्टिकचे लाड सुरू. लाकूड ओल पितं, तिचं पोट फुगतं, तारा वर उचलल्या जातात. सहा तारा मिळून साधारण 70 किलोंचा ताण असतो. तो पेलायला मानेच्या आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. मान वाकलीच तर अ‍ॅलन कीनं पाव फेरा द्यायचा, एक दिवस थांबायचं, पुन्हा मापायचं. वाजवून झालं की तारांवरचा घाम आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसायचा, नाहीतर महिन्याभरात त्या काळ्या पडतात.

दहा वर्षं झाली, मी बेताचीच वाजवते. स्टेजवर कधी गेले नाही, जायचंही नाही. सेटअप केला म्हणून कुणाला आपोआप वाजवता येत नाही. बोटांची टोकं निबर व्हायला काही आठवडे दुखावंच लागतं. पण ते दुखणं माझ्या वाट्याचं असतं, न घासलेल्या सॅडलचं नाही. हा फरक कळला आणि “माझ्यात नाहीये” म्हणायची घाई कमी झाली.

परवा मावसभाऊ नवी गिटार घेऊन आला. पंधरा वर्षांचा. कव्हर उघडायच्या आधीच म्हणाला, “ताई, मला नाही जमणार बहुतेक.” मी त्याचा हात पाहिला नाही. ड्रॉवरमधून पट्टी काढली.