आकड्यांचा राहिलेला हिशेब

जुगाराविषयी छापलेला मजकूर दोन प्रकारचा असतो. एक खेळणाऱ्यासाठी छापलेला आणि दुसरा खेळ समजून घेऊ पाहणाऱ्यासाठी छापलेला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पहिल्या प्रकाराची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. पानाच्या गादीवर मिळणारा तो पातळ कागद, त्यावर ओळीने मांडलेले मागील आठवड्यांचे आकडे आणि पेन्सिलीने खुणा करीत बसलेली माणसे आम्ही लहानपणापासून पाहिली. "अभ्यास चाललाय," असे ती माणसे गंभीरपणे सांगत. दुसऱ्या प्रकारचा मजकूर मात्र आपल्या वाचनात क्वचितच येतो. केवळ जुगाराच्या संशोधनाला वाहिलेली विद्वानांची नियतकालिके जगात आहेत, असे सांगितले म्हणजे पुष्कळांना हसू येते. ती कशी चालतात हे जाणून घेताना आम्हांला हसू आले नाही. आपल्या गिरणगावाचा एक हिशेब मांडावयाचा राहून गेला आहे, ही जाणीव मात्र मनाला लागून राहिली.

प्रथम आपल्याकडचा खेळ पाहू. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात जो भाव उघडे आणि जो भाव बंद होई, तो तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत असे. त्या भावाच्या अंकांवर पैजा लागू लागल्या आणि त्या खेळाला 'आकडा' हे नाव पडले. १९६० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कहून येणारे भाव थांबले. खेळ थांबला नाही. मूळचे कच्छचे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये 'वरळी मटका' आणि कराचीहून आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये 'न्यू वरळी मटका' सुरू केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढावयाच्या म्हणून तो मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, नाव तेवढे राहिले. खेळणाऱ्यांत गिरणी कामगारांचा भरणा मोठा असल्यामुळे परळपासून काळबादेवी-गिरगावापर्यंत बुकींनी आपले अड्डे थाटले. दिवसभर कापसाचे सूत काढणाऱ्या हातांनी कापसाच्या भावावरून जन्मलेल्या खेळात आपली मजुरी लावावी, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

खेळाची रीत सोपी होती. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेतील शेवटचा अंक घ्यावयाचा. पाच, तीन आणि सहा आले तर बेरीज चौदा, म्हणून अंक चार. हा 'ओपन'. काही तासांनी त्याच रीतीने 'क्लोज' निघे. दोहोंची मिळून 'जोडी'. एका अंकावर साधारणतः नऊपट आणि जोडीवर नव्वदपटीपर्यंत पैसे मिळत. आता अंक आहेत दहा आणि जोड्या शंभर. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयातून सरासरीने दहा पैसे मटकेवाल्याकडे राहणार. दहा पैसे ही काही मोठी रक्कम वाटत नाही. परंतु जिंकलेले पैसे खेळणारा घरी नेत नाही; ते पुन्हा लावतो. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी, असे करीत सातव्या फेरीअखेर सरासरीने अठ्ठेचाळीस रुपयेही उरत नाहीत. शाळकरी मुलालाही करता येईल असा हा हिशेब आहे. पानाच्या गादीवरील त्या कागदावर तो कधीही छापलेला नसे. त्यावर आलेला प्रत्येक आकडा असे, गेलेला एकही रुपया नसे.

सरकारने आणि न्यायालयाने छापील जुगाराचा विचार केला नाही, असे नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात, जुगाराला साहाय्य व्हावे या हेतूने मजकूर छापणाऱ्या व वाटणाऱ्या माणसाला वॉरंटाशिवाय अटक करण्याची तरतूद आहे. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा मुंबई राज्यात येऊ लागल्या, तेव्हा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुगार हा व्यापार नव्हे आणि व्यापाराला घटनेने दिलेले संरक्षण त्याला मिळणार नाही, असा निर्णय न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात १९५७ मध्ये दिला. खेळणाऱ्याच्या कागदाला कायद्याने आळा घातला, हे योग्यच झाले. परंतु खेळ समजून घेण्यासाठी लागणारा दुसरा कागद कायद्याने निर्माण होत नसतो. त्यासाठी कोणीतरी बसून लिहावे लागते आणि दुसऱ्या कोणीतरी ते तपासावे लागते.

अमेरिकेत हे काम १९८५ मध्ये सुरू झाले. हेन्री लेस्यूर या समाजशास्त्रज्ञाच्या संपादकत्वाखाली जुगारी वर्तनाचा अभ्यास करणारे नियतकालिक त्या वर्षी निघाले. १९९० मध्ये त्याचे नाव 'जर्नल ऑफ गॅम्बलिंग स्टडीज' असे झाले. हरलेले पैसे परत मिळविण्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा कसा खेळत जातो, याचा पाठपुरावा लेस्यूर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात केला होता. पुढे २००० मध्ये टोरोंटोच्या व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य केंद्राने वाचकांकडून मोल न घेता असेच एक नियतकालिक चालविले आणि २००१ मध्ये 'इंटरनॅशनल गॅम्बलिंग स्टडीज' निघाले.

अशा नियतकालिकाचे कामकाज आपल्या त्रैमासिकाच्या कामकाजाहून अगदी निराळे नाही. चाळणी तेवढी बारीक असते. लेख येतो. संपादक तो वाचून, नियतकालिकाच्या कक्षेत बसतो की नाही ते ठरवितात. बसत असेल तर तो दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी जातो. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे नाव झाकलेले असते, आणि परीक्षकाचे नाव तर लेखकाला सहसा कळतच नाही. या परीक्षकांना बहुधा मोबदला नसतो. ते शंका काढतात, लेख परत जातो, सुधारून येतो, पुन्हा तपासला जातो. यात महिनेच्या महिने जातात आणि अनेक लेख नाकारलेही जातात.

त्या शंका कोणत्या असतात? समजा, आपल्यापैकी कोणी लिहिले की "मटक्याने गिरणगावातील संसार उद्ध्वस्त केले." आपण सर्व माना डोलावू. परीक्षक मान डोलावणार नाही. तो विचारील, किती संसार? ते कसे निवडले? केवळ अड्ड्यावर भेटलेल्या माणसांनाच विचारले असेल, तर महिन्यातून एकदा रुपया लावून विसरून जाणारा तुमच्या गणतीत आला कसा असेल? ज्यांनी खेळणे आपण होऊन सोडले, ते कुठे आहेत? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने जे घर बसले, त्याचे खापर तुम्ही मटक्यावर तर फोडीत नाही ना? आणि घरातील बाईला कोणी विचारले काय? हे प्रश्न वरवर कोरडे वाटतात. खरे पाहता त्यांत माणसाविषयी मोठा आदर आहे. सगळ्या कामगारांना एकाच माळेत ओवून जुगारी ठरविण्यापासून हेच प्रश्न आपल्याला वाचवितात.

परंतु या नियतकालिकांच्या कारभारातील सर्वांत कठीण प्रश्न निराळाच आहे. तो म्हणजे, पैसा कोणाचा? संशोधनाला पैसा लागतो. अनेक देशांत तो जुगाराच्या धंद्याकडून, किंवा जुगारावर कर घेणाऱ्या सरकारकडून येतो. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानववंशशास्त्रज्ञ रिबेका कॅसिडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३-१४ च्या सुमारास जुगाराच्या संशोधकांचाच अभ्यास केला आणि धंद्यावरील हे अवलंबन उघडपणे मांडले. ज्याच्या पैशाने संशोधन होते, त्याला सोयीचे प्रश्न विचारले जाण्याचा धोका असतो. "या माणसात काय बिघडले आहे?" हा प्रश्न कॅसिनोवाल्याला परवडतो. "या खेळाची रचनाच माणसाला नाडणारी आहे काय?" हा प्रश्न त्याला परवडत नाही. म्हणून आज जबाबदार नियतकालिके लेखकाकडून हितसंबंधांचे निवेदन मागतात. पैसे कोणी दिले, मानधन कोणाकडून घेतले, हे लेखाच्या शेवटी छापावे लागते. निवेदन छापल्याने मोह नाहीसा होत नाही, हे खरे. वाचकाला कोणत्या बाजूने सावध राहावे, एवढे मात्र कळते.

या कसोटीला आपण सर्वांनीच उतरून पाहिले पाहिजे. महाराष्ट्र शासन १९६९ पासून स्वतः लॉटरी चालवीत आले. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा शासनाने कधी अमलात आणला नाही आणि अखेर २०२३ मध्ये तो रद्द केला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. एका हाताने तिकीट विकावयाचे आणि दुसऱ्याने दार लावावयाचे, असा हा संसार आहे.

आणि आपले घर? पॅरिशच्या सणाला मंडपात हाउझीचे आकडे पुकारले जातात, रॅफलची तिकिटे घरोघर जातात, त्यातून कधी छपराची दुरुस्ती होते तर कधी गरीब मुलांची फी भरली जाते. आम्हीही येथे आपले हितसंबंध जाहीर करतो. आम्ही हाउझी खेळतो आणि एका सणाला 'फुल हाउस' लागून आम्हांला प्रेशर कुकर मिळाला होता. हाउझी आणि मटका एकच, असे आमचे म्हणणे नाही. १९९२ च्या कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझमनेही नशिबाचे खेळ मुळातच अन्यायकारक ठरविलेले नाहीत. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या गरजा भागविण्यासाठी जे आवश्यक, तेच हिरावले जाऊ लागले की खेळ नीतीला सोडून जातो, असा त्या शिकवणुकीचा आशय आहे. म्हणजे कसोटी पुन्हा हिशेबाचीच. खेळात गेलेला पैसा घरातील कोणत्या डब्यातून आला, हे पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

तो डबा पाहणारी एक व्यक्ती आम्हांला ठाऊक होती. परळच्या आमच्या चाळीत साचेखात्यात काम करणारे एक शेजारी होते. त्यांच्या पत्नीला सारी चाळ वहिनी म्हणे. वहिनींच्या भिंतीवरील कॅलेंडरवर दुधाच्या खुणांखेरीज आणखी एक बारीक खूण असे. पतीने आकडा लावल्याचे ज्या दिवशी कळे, त्या तारखेखाली त्या रक्कम लिहीत आणि लागला तर आलेले पैसे शेजारी लिहीत. महिनाअखेर बेरीज करीत. "भांडायला नाही हो भावोजी, मला माझं कळावं म्हणून," असे त्यांनी एकदा आमच्या वडिलांना सांगितल्याचे स्मरते. कोणत्या महिन्यात किती उसनवारी झाली, कोणते दागिने सावकाराकडे गेले, सारे त्या चौकोनांत होते. नवे वर्ष लागले की जुने कॅलेंडर रद्दीत जाई. परीक्षक म्हणेल, एका घराचे कॅलेंडर हा एका घरापुरताच पुरावा. अगदी खरे आहे. परंतु अशी शंभर कॅलेंडरे राहिली असती, तर आज गिरणगावाविषयी बोलताना आपल्याला आठवणींवर हवाला ठेवावा लागला नसता.

सामान्य माणसाच्या बोलण्यातून इतिहास उभा राहतो, हे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या मुलाखतींच्या २००४ च्या ग्रंथाने दाखवून दिले आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी पुरुषांमधील जुगाराची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत लॉटरी आणि मटका हेच खेळ ठळकपणे दिसले. म्हणजे हा विषय अभ्यासाबाहेरचा नाही आणि आपल्या आवाक्याबाहेरचाही नाही.

गिरण्या गेल्या, रतन खत्री २०२० मध्ये वारले, आणि पेन्सिलीची जागा मोबाइलने घेतली. त्या काळातील वहिनी आणि मावश्या आता वृद्ध झाल्या आहेत. काही आपल्याच पॅरिशमध्ये आहेत. त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्या संमतीने लिहून घ्यावे, पगार किती होता, गेले किती, आले किती, उसने कोणाकडून आणले, हे तारखांनिशी विचारावे आणि नावे गाळावीत. ज्या घरात खेळणे आपोआप सुटले, त्याचीही नोंद करावी. निवाड्याची घाई करू नये. उद्या एखादा संशोधक हे कागद घेऊन बसेल, त्याचा लेख परीक्षकाच्या हाती जाईल आणि परीक्षक विचारील, "घरातील बाईला कोणी विचारले काय?" त्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.